नेपोलियनच्या सर्जनची वही

दिवाळी अंकात नेपोलियनचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगायचं तर नेपोलियनशी माझंही फारसं देणंघेणं नाही. त्याच्या लढायांची सनावळी शाळेत पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. पण त्याच्या सैन्यात एक सर्जन होता. डॉमिनिक-जाँ लारे त्याचं नाव. फोन फिरवला की काही मिनिटांत दिवे चमकवत जी गाडी आपल्या दाराशी येते, तिच्या घराण्याचा हा मूळ पुरुष. पॅरिसच्या विजय-कमानीवर बड्या बड्या सेनापतींच्या रांगेत त्याचं नाव कोरलेलं आहे.

मला हा माणूस एका वर्गात भेटला. पोटापाण्यासाठी मी संगणक सल्लागार आहे, पण आठवड्यातली एक रात्र इथे अमेरिकेतल्या आमच्या गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात घालवतो. मी डॉक्टर नाही आणि पॅरामेडिकही नाही. त्याच्या खालची जी पायरी, ईएमटी, तिथे मी आहे. रक्त थांबवणं, ऑक्सिजन लावणं, वेळ आली तर छाती दाबणं, आणि माणसाला धुगधुगी असताना हॉस्पिटलच्या दारात पोचवणं, एवढं आमचं काम. इथल्या राष्ट्रीय नोंदणीच्या नियमानुसार ईएमटीला दर दोन वर्षांनी साधारण ४० तास आणि पॅरामेडिकला ६० तास नव्यानं शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये पॅरामेडिकची नोंदणी दर दोन वर्षांनी नवी होते. मधल्या काळात आपण काय शिकलो आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग झाला, याची नोंद त्यांना ठेवावी लागते, आणि काही जणांची वही तपासायला मागवतात.

हे तास म्हटले की आमच्याकडे नाकं मुरडली जातात. ऑफिसमध्ये सर्टिफिकेशनच्या वेळी जे चालतं तेच इथेही चालतं. एका खिडकीत व्हिडिओ, दुसऱ्या खिडकीत मॅच, शेवटी दहा प्रश्न आणि प्रमाणपत्र प्रिंट. आपल्या भाषेत याला पाट्या टाकणं म्हणतात. पथकातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मध्यंतरी मला विचारलं, की वीस वर्षं जे करतोय तेच पुन्हा कशाला शिकायचं? प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर मला लारेच्या आयुष्यात सापडलं. लारेची गाडी सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते त्याच्या वहीबद्दल.

लारेचा जन्म ८ जुलै १७६६ चा, फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरातल्या बोदेआँ नावाच्या खेड्यातला. वडील जोडे शिवायचे. ते लवकर गेले, आणि तेरा वर्षांचं पोरगं काकाच्या आश्रयाला निघालं. काका अलेक्सी लारे तुलूज शहरात मुख्य सर्जन होता. खेड्यापासून तुलूज शंभराहून अधिक किलोमीटर. पोरगं चालत गेलं. काकानं त्याला हाताखाली घेतलं आणि वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या जिद्दीनं तो काही वर्षं तिथे शिकला.

तिथून पॅरिस, आणि मग नौदल. १७८८ साली व्हिजिलांत नावाच्या जहाजावर सर्जन म्हणून तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला, न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आला. या नाखव्याला बोट लागायची. पोटात काही ठरायचं नाही. तरी थंडीनं खलाशांच्या अंगाचं काय होतं, स्कर्व्ही कुणाला होते आणि कशानं हटते, याच्या नोंदी त्यानं केल्या. मला वाटतं वहीची सवय इथूनच लागली असावी.

समुद्र सोडून तो पॅरिसला परतला आणि देसो या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली शिकू लागला. देसोची शिकवण्याची पद्धत त्या काळी नवी होती. खाटेशेजारी उभं राहून रोगी दाखवायचा, आणि रोगी गेलाच तर शवविच्छेदन करून आपला अंदाज कुठे चुकला ते सगळ्यांसमोर पाहायचं. आमच्या धंद्यात सिस्टीम कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून कारण शोधतात, त्याचीच ही थोरली बहीण. जुलै १७८९ मध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडला, राज्यक्रांती पेटली आणि रस्त्यातल्या जखमींवर उपचार करायची पाळी या विद्यार्थ्यांवर आली.

१७९२ साली युद्ध सुरू झालं आणि लारे ऱ्हाईन नदीवरच्या सैन्यात दाखल झाला. तिथे पाहतो तर नियम असा, की वैद्यकीय पथकानं लढाईपासून साधारण एक लीग, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर मागे थांबायचं. लढाई संपल्यावर जखमी उचलायला जायचं. जड गाड्या, चिखलाचे रस्ते, त्यात सैन्याच्या सामानाची गर्दी. जखमीपर्यंत पोचायला चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त लागायचे. तोवर बहुतेकांचा कारभार आटोपलेला असायचा.

त्याच सैन्यात घोड्यांच्या हलक्या तोफा होत्या. इकडून तिकडे वाऱ्यासारख्या धावायच्या, म्हणून त्यांना उडता तोफखाना म्हणत. लारेनं विचार केला, माणूस मारायला चाकं इतकी पळतात, तर वाचवायला का नको? सेनापती कुस्तीन याच्याकडून त्यानं परवानगी मिळवली आणि उडती रुग्णवाहिका जन्माला आली. पुढे १७९७ मध्ये इटलीत तिची पक्की घडी बसली. एका तुकडीत ११३ माणसं, १२ हलक्या गाड्या आणि ४ जड गाड्या. सपाट मुलखासाठी दोन चाकांची गाडी, तीत दोन जखमी आडवे झोपत. डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची, तीत चार. गाडीला स्प्रिंगा, बाजूला हवेसाठी खिडक्या, आत गादी. तळ लहान रुळांवरून बाहेर सरकायचा, म्हणजे जखमीला हिसके न देता आत-बाहेर करता यावं. आमच्या गाडीतला स्ट्रेचर आजही असाच सरकतो.

पण गाडीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. आधी कुणाला उचलायचं? त्या काळी अर्थातच अधिकाऱ्याला. लारेनं हा पंक्तिप्रपंच बंद केला. ज्याची जखम सगळ्यांत धोक्याची तो आधी, मग तो शिपाई असो की सरदार, आणि आपल्या बाजूचा असो की शत्रूचा. आज जगभरची आपत्कालीन पथकं लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या बांधून जी क्रमवारी लावतात, तिचा पाया हाच.

१७९४ मध्ये त्यानं शार्लोत लाव्हिल-लरू हिच्याशी लग्न केलं. ती चित्रकार होती, प्रसिद्ध चित्रकार दाव्हीदची विद्यार्थिनी. नवरा वर्षातले कितीतरी महिने परमुलखात, बायको पॅरिसमध्ये मुलांना घेऊन. आपल्यातल्या ऑनसाइट-ऑफशोअर संसारांना हे वेगळं सांगायला नको. रणांगणावरून तिला लिहिलेल्या त्याच्या पत्रांतून त्याच्या मोहिमांची बरीच माहिती आज मिळते.

१७९६ मध्ये पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात त्याला शिकवायचं काम मिळालं. आता इथेच स्थिर व्हायला हरकत नव्हती. पण १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तला निघाला आणि लारेही निघाला. तिथे वाळूत त्याच्या गाड्या चालेनात. त्यानं गाड्यांचा हट्ट सोडला आणि उंटाच्या दोन्ही बाजूंना पाळण्यासारख्या लांब पेट्या बांधल्या, प्रत्येकीत एक जखमी आडवा. आपण काढलेल्या शोधावर माणसाचा जीव जडतो. परिस्थिती बदलल्यावर तो बाजूला ठेवायला मोठं मन लागतं.

त्याच मोहिमेत सीरियात त्यानं एक किळसवाणी गोष्ट पाहिली. जखमांत अळ्या पडलेल्या. शिपाई घाबरून गेलेले. लारेनं नाक न दाबता नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं, की या अळ्या फक्त मेलेलं मांस खातात, जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत, आणि अशा जखमा उलट लवकर भरतात. दोनशे वर्षांनी, २००४ साली, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जखमा साफ करण्यासाठी खास वाढवलेल्या अळ्यांना रीतसर मान्यता दिली. कैरोत त्यानं तरुण सर्जनांसाठी वर्गही चालवले. हे त्याचं आयुष्यभर चाललं. सैन्याचा मुक्काम पडला, तह झाला, चार दिवस उसंत मिळाली, की हाताखालच्या पोरांना जमवून शरीररचना शिकवायची. कैरोत, माद्रिदमध्ये, बर्लिनमध्ये. यातला बर्लिनचा वर्ग ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

इजिप्तहून परत आल्यावर १८०३ मध्ये त्यानं त्या मोहिमेचा वैद्यकीय इतिहास छापला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या नव्या वैद्यकीय विद्यालयातून शस्त्रक्रियेतली डॉक्टरेट घेतली. विषय होता अवयव कापून टाकण्याचा. वय छत्तीस. दहा वर्षं लढाईत काढलेला, नेपोलियनच्या मर्जीतला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन परीक्षकांसमोर उभा राहिला, हे मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठं वाटतं.

या विषयामागे एक जुना वाद होता. गोळ्यानं हातपाय चिरडला तर तो लगेच कापायचा की काही दिवस थांबून? आधीच्या शतकात पॅरिसच्या शल्यवैद्यक अकादमीनं थांबावं म्हणणाऱ्या निबंधाला बक्षीस दिलं होतं, त्यामुळे तोच शहाणपणा समजला जाई. लारेच्या नोंदी उलट सांगत होत्या. पहिल्या चोवीस तासांत ज्यांचा पाय कापला ते जास्त वाचत होते, थांबलेल्यांना जखम चिघळून ताप भरत होता. जंतूंचा शोध अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कारण माहीत नसताना निव्वळ काय घडतं ते मोजून त्यानं अकादमीच्या बक्षिसाला आव्हान दिलं आणि पुढच्या सगळ्या युद्धांत त्याचंच म्हणणं चाललं. आपला तरुण मात्र वादात जिंकून थांबला नाही, १८१२ मध्ये त्याच्या आठवणींचे तीन खंड निघाले, पुढे आणखी भर पडली. कोणत्या दिवशी कोण जखमी आला, काय केलं, पुढे वाचला की गेला, असं सगळं त्यात आहे.

आता १८०७ च्या फेब्रुवारीत चला. पोलंडच्या पलीकडे आयलाऊ इथे बर्फात लढाई झाली. थंडी इतकी, की शस्त्र धरणाऱ्या सहायकांची बोटं वळत नव्हती. लारेला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे गोठलेला अवयव कापताना वेदना फार कमी होते. गुंगीचं औषध यायला अजून चाळीस वर्षं होती, त्यामुळे ही नोंद लहान नव्हती. दुसरी अशी, की कडाक्याच्या थंडीत शिपाई तक्रार करत नव्हते. दोन दिवसांनी हवा एकदम उबदार झाली, बर्फ वितळलं, शेकोट्यांभोवती गर्दी झाली, आणि मग बोटं, पावलं काळी पडायला लागली. यावरून त्यानं अनुमान काढलं, की मारते ती नुसती थंडी नव्हे, तिच्यानंतरची अचानक ऊब मारते. म्हणून गोठलेल्या अंगाला आगीपाशी नेऊ नये, बर्फानं चोळून हळूहळू ऊब आणावी. हे अनुमानही ध्यानात ठेवा.

१८१२ च्या रशिया मोहिमेत सात सप्टेंबरला बोरोदिनोची लढाई झाली. चोवीस तासांत लारेनं दोनशे अवयव कापले. सरासरी काढली तर दर सात मिनिटांना एक, तेही गुंगीशिवाय. मला हा आकडा वाचून पराक्रम आठवत नाही, ते दोनशे जण आठवतात. परतीच्या वाटेवर सैन्याची वाताहत झाली. त्या हालातही कोटाच्या काजाला थर्मामीटर अडकवून लारे रोजचं तापमान लिहीत चालला होता. बेरेझिना नदीच्या पुलावर जीव घेऊन पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी झाली. तिथे शिपायांनी त्याला ओळखलं आणि डोक्यावरून, हातोहात, पंढरीच्या पालखीसारखं पलीकडे पोचवलं. स्वतःचा जीव वाचायची खात्री नसताना माणसं दुसऱ्याला असं पुढे देतात, तेव्हा त्याची कमाई कळते.

पण त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यांत आवडणारा प्रसंग पुढच्या वर्षीचा आहे. मे १८१३, जर्मनीतली बाउत्झेनची लढाई. नेपोलियनकडे आता मुरलेले शिपाई उरले नव्हते, सगळी कोवळी, नुकती भरती झालेली पोरं. लढाईनंतर अडीच हजारांहून जास्त पोरांच्या हाताला, बोटांना जखमा आढळल्या. सेनाधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की लढाई टाळायला यांनी स्वतःच बोटं उडवून घेतली आहेत. नेपोलियन संतापला. काहींना गोळ्या घालून बाकीच्यांना धडा शिकवायचं घाटत होतं. लारेनं सांगितलं, की नुसती जखम पाहून ती कुणी केली हे ठरवता येत नाही. त्याला चौकशी समितीचा प्रमुख नेमलं.

समितीनं एकेक पोरगा तपासला. जखम कशी, कपडे कसे, शरीरावर आणखी कुठे काय लागलंय, कुठल्या रांगेत होता. मग कोडं सुटलं. शिपाई तीन रांगांत उभे राहून गोळ्या झाडायचे, आणि मागच्या रांगेतली अननुभवी पोरं पुढच्यांच्या खांद्यांवरून बंदुका चालवताना पुढच्यांच्याच हातांना इजा करायची. शिवाय चढावर चाल करताना हात उंच आणि पुढे असायचे, शत्रूची गोळी तिथेच लागायची. एकाही पोरावर आरोप सिद्ध होत नाही, असा अहवाल लारेनं दिला. बादशहाला नको असलेला आकडा त्याच्या तोंडावर ठेवायचा म्हणजे गंमत नव्हे. क्लायंटला साधी डेडलाइन चुकणार हे सांगताना आपली जीभ अडखळते! नेपोलियननं अहवाल वाचला आणि मानला. वर हिरे जडवलेली आपली तसबीर आणि वार्षिक तनखा लारेला पाठवला. पोरांचे जीव वाचले.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरा कोट आणि मोठी प्रयोगशाळा दिसते. मला हा अहवाल दिसतो. सगळे जे धरून चालले आहेत ते खरं आहे का, हे मोजून पाहायचं आणि आलेलं उत्तर गैरसोयीचं असलं तरी सांगायचं, एवढंच संशोधन.

१८१५ ची वॉटर्लूची लढाई नेपोलियन हरला. लढाई चालू असताना वेलिंग्टननं लारेचं पथक पाहून त्या बाजूचा मारा थांबवला, अशी कथा सांगतात. संध्याकाळी प्रशियन सैनिकांनी त्याला पकडलं आणि गोळ्या घालायचं ठरलं. तेवढ्यात एका जर्मन सर्जननं त्याला ओळखलं. हा गडी बर्लिनमध्ये लारेच्या वर्गात बसला होता. त्यानं धावपळ केली, प्रकरण सेनापती ब्ल्यूखरपर्यंत गेलं. ब्ल्यूखरच्या मुलाला आधी एका लढाईत जखमी असताना लारेनंच वाचवलं होतं. लारेची सुटका झाली. शत्रूच्या मुलाला वाचवताना आणि परक्या पोरांना शिकवताना त्यानं हा हिशेब काही मांडला नव्हता.

नेपोलियन गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात लारेसाठी एक लाख फ्रँक होते, आणि आपल्याला भेटलेल्या माणसांत सर्वांत सच्छील, अशी पावती होती. नंतरच्या राजवटीत लारेला आधी उपेक्षा आणि पुढे मान, दोन्ही मिळालं. १८२९ मध्ये तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला. २५ मोहिमा आणि ६० लढाया त्याच्या नावावर होत्या. घरी बसून आठवणी सांगायला इतका साठा कुणालाही पुरला असता. पण १८४२ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, तो आपला सर्जन मुलगा इपोलित याला घेऊन अल्जीरियातली लष्करी रुग्णालयं तपासायला गेला. परत येताना आजारी पडला आणि २५ जुलैला लिओं शहरात गेला. तीनच दिवस आधी इकडे शार्लोतनं प्राण सोडला होता. आपल्या शिपायांजवळ, पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये पुरलं जावं ही त्याची इच्छा तेव्हा पुरी झाली नाही. ती १९९२ मध्ये झाली, दीडशे वर्षांनी.

आता ते बर्फाचं. लारेनं पाहिलं ते खरं होतं. गोठलेलं अंग शेकोटीवर धरलं तर भाजतं, आणि वितळून पुन्हा गोठलं तर पार जातं. पण बर्फानं चोळावं हा त्यावरचा उपाय चुकीचा होता. चोळल्यानं गोठलेल्या कातडीची आणखी नासाडी होते. तरी लारे म्हणाला म्हणून डॉक्टर शंभर-सव्वाशे वर्षं बर्फ चोळत राहिले. बाबा वाक्यं प्रमाणम्! विसाव्या शतकात प्रयोग झाले, १९६० च्या सुमारास अलास्कातल्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि मग उपचार उलटा झाला. आज गोठलेला अवयव ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात धरतात, तोही पुन्हा गोठायची भीती नसेल तरच. चोळायला सक्त मनाई.

म्हणजे अकादमीच्या बक्षिसापुढे न झुकणाऱ्या माणसाचं वाक्य पुढच्यांनी बक्षिसासारखंच डोक्यावर घेतलं. चूक लारेची म्हणावी तर त्याच्याकडे तेवढीच साधनं होती. नंतरच्यांनी त्याचं अनुमान उचललं आणि मोजायची सवय मात्र मागे टाकली.

आमच्या गाडीतही असे बर्फाचे गोळे निघतात. अपघातातल्या प्रत्येकाला कडक फळीवर बांधायचं, हे कित्येक दशकं कुणी शंका न घेता केलं. मग अभ्यासांतून दिसलं, की फळीनं मणक्याचा बचाव होतो याला पुरावा तुटपुंजा, आणि पाठीला जखमा, श्वासाला त्रास मात्र नक्की. २०१३ पासून तिचा वापर कमी कमी होत गेला. दुसरं उदाहरण ब्रिटनचं. हृदय बंद पडलं की अॅड्रेनलिन टोचायचं, हे पन्नासहून जास्त वर्षं चालत आलं होतं. तिथल्या पाच रुग्णवाहिका सेवांतल्या पॅरामेडिकांनी सुमारे आठ हजार रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि कुपीत काय आहे हे टोचणाऱ्यालाही माहीत नाही. २०१८ मध्ये निकाल आला. महिन्यानंतर जिवंत असलेले औषधवाल्यांत ३.२ टक्के, दुसऱ्यांत २.४ टक्के. पण मेंदू शाबूत राहून घरी गेलेल्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. औषध आजही देतात, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे आता आकड्यानं माहीत आहे. हा अभ्यास रस्त्यावर, गाडीत, मध्यरात्री झाला. करणारे पॅरामेडिक होते. माझ्या लेखी ती लारेचीच वही पुढे चालू आहे.

माझ्या सहकाऱ्याला मी हेच सांगितलं, की वीस वर्षं जे करतोय त्यात एखादा बर्फाचा गोळा असेल, तो कोणता हे ओळखायला ते ४० तास आहेत. तो हसला. पुढच्या वर्गाला आला मात्र, आणि मागच्या बाकावर बसून शिकवणाऱ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. पण गाडी कुठलीही असो, ती पोचेपर्यंतची मिनिटं घरातल्यांच्या हातात असतात. म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी एक शनिवार सकाळ सीपीआरच्या वर्गासाठी ठेवावी. बाहुल्या मी आणतो, चहा-पोहे तुमचे. आम्ही २००४ साली शिकलोय, असं म्हणणाऱ्यांनी तर आधी नाव द्यावं. तुम्हाला आधी श्वास द्यायला शिकवलं असणार. २०१० मध्ये तो क्रम बदलला. मोठा माणूस एकाएकी कोसळला तर आता आधी छाती दाबायची, किमान दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. येताना वही आणा.